घटनास्थळाची मर्यादा आणि लोकांचा हक्क



आपणांपैकी पुष्कळ कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेने माणूस ताठ होतो आणि ताठ झालेला माणूस गावातील काहींच्या डोळ्यांत सलतो. म्हणून अत्याचार घडल्यास जगापुढे काय मांडावे आणि काय झाकावे, याविषयी आज बोलणे मला अगत्याचे वाटते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे यांची हत्या झाली. वृत्तपत्रांनी प्रारंभी फारशी दखल घेतली नाही. प्रेतांची छायाचित्रे हातोहात फिरली आणि लोक रस्त्यावर आले. ती फिरली नसती तर प्रकरण दडपले गेले असते, असे म्हणणाऱ्यांना मी खोटे ठरवू शकत नाही. परंतु त्या मायलेकींच्या देहांची विटंबना त्या चित्रांतून मृत्यूनंतरही चालूच राहिली, हेही मला विसरता येत नाही.

बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. पीडिता मृत असली तरी ही मर्यादा सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात सांगितले. मात्र याच पडद्याआड कित्येकदा ठाणेदारही लपू पाहतो. ‘तपास चालू आहे, कागद मिळणार नाही’ हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे! केवळ तपास चालू आहे, एवढ्या कारणावरून माहिती नाकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच ठरविले आहे. प्रथम खबरीची नक्कल तर फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५ अ मला फार मोलाचे वाटते. पीडितास जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळीच सूचना मिळावी, असे ते सांगते. आणि साक्षीदारांची नावे-पत्ते जनतेस खुल्या असलेल्या कागदांतून वगळण्याचा अधिकार तेच कलम विशेष न्यायालयास देते. पीडितास माहिती आणि साक्षीदारास आडोसा, दोन्ही एकाच कलमात आहेत.

तेव्हा घटनास्थळी छायाचित्रे अवश्य घ्या, पण ती तपास अधिकारी व वकील यांच्याकडेच द्या. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ज्या फोनने चित्र घेतले तो जपून ठेवा, न्यायालयात त्याचे प्रमाणपत्र लागते. पंचनामा होईपर्यंत तेथील वस्तू हलवू नका. आपला माणूस पंच असेल, तर मजकूर वाचल्यावाचून आणि तारीख-वेळ लिहिल्यावाचून त्याने सही करू नये.