प्रकाशाची रेघ



गेल्या गणेशोत्सवाची आरास उतरविली तेव्हा बंद पडलेल्या विजेच्या माळांचा ढीग मंडळाच्या कोठीत जमला. त्यांतील एकही माळ आपणांपैकी कोणी उघडून पाहिली नाही. ज्यांनी याच मंडळात कामट्या वाकवून, खळ शिजवून आकाशकंदील केले, ते काही ज्येष्ठ आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचा कंदील फाटला, तर दुसऱ्या दिवशी ते नवा कागद चिकटवीत. जी वस्तू आपण घडवितो, तीच आपणांस दुरुस्त करता येते. ही विद्या आपल्या मुलांकडे परत यावी, म्हणून आज एक नवे साधन आपणांपुढे ठेवीत आहे.

कोलकात्यात राहणाऱ्या आपणांस चंदननगरची रोषणाई नवी नाही. जगद्धात्री पूजेच्या वेळी हुगळीकाठच्या त्या शहरात हजारो लहान दिव्यांची हलती चित्रे उभी राहतात. पूर्वी तेथे छोटे बल्ब असत, आता एलईडी आले आहेत. परंतु ती चित्रे ठिपक्यांची. रांगोळी घालणाऱ्या भगिनींना सांगावयास नको की, ठिपक्यांनंतर रेघ येते. माझ्या हाती आहे ती प्रकाशाची रेघ.

शेवयीसारखी दिसणारी ही लवचीक एलईडीची दोरी साधारण ३० सेंटिमीटर लांब आहे. आत एका पातळ पट्टीवर अनेक सूक्ष्म निळे दिवे ओळीने बसविलेले असतात. वरच्या पिवळसर लेपातील द्रव्य त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा करते आणि दोहोंच्या मिश्रणाने पांढरा उजेड दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या दोरीची पणती करू. प्रथम कागदावर खऱ्या मापाचे चित्र काढावे. तांब्याच्या जाड तारेची बैठक व दांडा करावा. एका दोरीने पणतीची वाटी, दुसरीने ज्योत. प्रत्येक दोरीस धन व ऋण अशी दोन टोके असतात. दोन्ही ऋण टोके तांब्याच्या दांड्यास कथिलाने झटपट डाखावी; उष्णता रेंगाळली तर दोरी बिघडते. धन टोकांपासून वेष्टनाची बारीक तार खाली आणावी. तिचा उघडा भाग दांड्यास लागू देऊ नये.

मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट मिळतात. दोरीस सुमारे ३ पुरतात. उरलेल्या २ व्होल्टांसाठी प्रत्येक दोरीच्या वाटेत २२ ओहमचा, अर्ध्या वॉटचा रोधक घालावा. मग सुमारे ९० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. मी पहिली दोरी रोधकाविना ९ व्होल्टांच्या बॅटरीस जोडली होती. क्षणभर डोळे दिपले आणि ती कायमची विझली! भिंतीतल्या २३० व्होल्टांशी मात्र मुलांनी खेळ करू नये.

राहिला प्रश्न वाकविण्याचा. दोरीस घडी पडली की आतली जोडणी तुटते. कोठवर वाकवावे आणि कोठे थांबावे, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते बोटांना कळावे लागते. कामटी मोडण्यापूर्वी बोटांना जो ताण जाणवतो, तो आपल्या ज्येष्ठांच्या ओळखीचा आहे. रोधकाचे गणित आपली मुले शाळेत शिकतात. या पणतीस दोघांचीही गरज आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच : येत्या दिवाळीत मंडळाच्या दारी विकतची माळ नको. एका सतरंजीवर आजोबा आणि नातवंडे बसोत. पणती थोडी वाकडी झाली तरी चालेल. ती विझली, तर पुन्हा कशी लावावी हे त्या मुलांना ठाऊक असेल.