आज्ञेकडून संमतीकडे : जनरल जगन्नाथराव भोसले यांचे कार्य



सैनिकाची शिस्त आज्ञेवर उभी असते. नागरिकाची शिस्त संमतीवर उभी राहावी लागते. रणभूमीवरून लोकसभेत येणाऱ्या माणसाला हे अंतर ओलांडावे लागते. आझाद हिंद सेनेचे मेजर जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांनी ते कसे ओलांडले, हे शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडा येथे झाला. डेहराडून आणि सँडहर्स्ट येथे सैनिकी शिक्षण घेऊन ते ब्रिटिश हिंदी सैन्यात अधिकारी झाले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले. पुढे त्यांपैकी अनेकांनी आझाद हिंद सेनेची वाट धरली. जगन्नाथराव त्यांपैकीच एक होत. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची स्थापना केली, तेव्हा सेनेच्या प्रतिनिधींमध्ये त्यांचा समावेश होता. या सेनेत पगार अल्प आणि भवितव्य अनिश्चित होते. तिचे बळ मुख्यतः स्वेच्छेत होते.

स्वातंत्र्यानंतर आझाद हिंद सेनेतील सैनिकांना भारतीय सैन्यात परत घेण्यात आले नाही. सेनेचे दार असे बंद राहिले, तरी जनतेचे दार उघडे होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर लोकसभेत मेरठचे प्रतिनिधी म्हणून शाहनवाझ खान आले, तसे रत्नागिरी जिल्ह्यातून जगन्नाथराव आले. सावंतवाडी संस्थान तोवर याच जिल्ह्यात विलीन झाले होते. केंद्र सरकारात त्यांच्याकडे पुनर्वसन खात्याचे उपमंत्रिपद सोपविण्यात आले.

हे खाते त्या काळी अत्यंत कसोटीचे होते. १९५१ च्या जनगणनेनुसार एकट्या दिल्लीत सुमारे पाच लाख निर्वासित होते. त्यांची घरे, जमिनी व दावे यांसाठी १९५४ साली नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला. परंतु गेलेल्या घराची भरपाई कायद्याने देता येते. मोडलेल्या बालपणाची देता येत नाही. छावण्यांत वाढणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या डोक्यावरचे वडिलांचे छत्र हरपले होते आणि घराबरोबर दिनक्रमही गेला होता.

या मुलांसाठी जगन्नाथरावांनी १९५४ साली दिल्लीतील कस्तुरबा निकेतन येथे राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत व व्यायाम यांच्या जोडीला समूहगान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि नागरिकत्वाचे धडे असे तिचे स्वरूप होते. मुलांच्या हाती शस्त्र द्यावयाचे नव्हते. एकमेकांबरोबर पाऊल टाकण्याची सवय लावावयाची होती. निर्वासितांच्या शाळांतून ही योजना इतर शाळांत पसरली, पुढे शिक्षण मंत्रालयाकडे गेली, आणि तिच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय राजस्थानात सरिस्का येथे करण्यात आली.

योजनेला मर्यादाही होत्या. शाळेत शारीरिक शिक्षण होतेच; छात्रसेनेचे उपक्रम होते; त्यांत ही तिसरी योजना आली. एकाच विद्यार्थ्यासाठी तीन व्यवस्था चालू लागल्या. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सर्वांचा मेळ घालून एकच संयुक्त कार्यक्रम असावा अशी शिफारस केली. १९६५ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजनेची जागा राष्ट्रीय सुदृढता दलाने घेतली. जगन्नाथराव ते पाहावयास नव्हते. १९६३ साली त्यांचे निधन झाले होते.

योजनेचे नाव मागे पडले, तरी तिचा धडा उरतो. शिस्त ही शिक्षेची धाकटी बहीण नव्हे. ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याला ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि शेजारी उभा असलेला सोबती यांचा आधार वाटतो. तोच आधार शाळेची घंटा वेळेवर वाजल्याने मुलांना मिळतो, आणि ग्रामसभा ठरल्या दिवशी भरल्याने गावाला मिळतो. मात्र घंटा वाजविणारा स्वतः वेळेवर यावा लागतो. आज्ञा देण्याचा अधिकार पदाबरोबर मिळतो. संमती मात्र रोज मिळवावी लागते.