जुने यंत्र, नवे यंत्र



नवा संगणक घरी आला, की जुन्यातल्या फाइली उतरवून घेतल्या म्हणजे काम संपले, असे आपण समजतो. पण बहुतेक प्रोग्राम नुसते उचलून नेता येत नाहीत. ते नव्या यंत्रावर पुन्हा बसवावे लागतात. फाइलींचे दुखणे याहून खोल आहे. जुन्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांवरच मराठी अक्षरे बसविलेली असत. तो फाँट नसला, की वडिलांनी टंकलेल्या आठवणी निरर्थक रोमन अक्षरे होऊन समोर येतात. १९९१ साली युनिकोडने देवनागरी वर्णांना स्वतंत्र क्रमांक दिले. तेव्हा माझे सांगणे एवढेच, की जुने यंत्र चालते आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये आणा, मुळाशी ताडून पाहा, आणि मगच त्याला निरोप द्या.