नक्षत्रं आणि माणसाचा स्वभाव

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या व्याख्यानातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



पंचवीस वर्षांत आपण या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळ्या विषयांवर बोललो, भांडलोसुद्धा. आज महिला मंडळानं ‘नक्षत्रं आणि स्वभाव’ हा विषय दिला. नक्षत्रं आपल्या डोक्यावर, स्वभाव आपल्या शेजारी, तेव्हा गच्ची ही योग्यच जागा म्हणायची.

आपल्या कोकणात नक्षत्रं शिकवावी लागत नाहीत. ‘मिरग लागला का?’ हे जूनच्या पहिल्या आठवड्यात भाजीवालीसुद्धा विचारते. मृग ७-८ जूनला लागतं, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, असं करत सप्टेंबरअखेरीला हस्त, म्हणजे आपला हत्ती. आणि यंदा नक्षत्राचं वाहन काय, बेडूक की उंदीर की म्हैस, यावर ओसरीवर चर्चा. पण मंडळी, ही झाली सूर्याची नक्षत्रं. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. आपल्या पत्रिकेत जे ‘जन्मनक्षत्र’ लिहिलेलं असतं ते चंद्राचं. चंद्र ते एका दिवसात ओलांडतो. म्हणून जूनमध्ये मृगाच्या पावसात जन्मलेल्या मुलाचं जन्मनक्षत्र मृगच असेल असं नाही. सत्तावीसपैकी कुठलंही असू शकतं.

हिशेब सोपा आहे. आकाशाचं वर्तुळ ३६० अंशांचं. चंद्र त्याची फेरी सुमारे २७ दिवस ८ तासांत पुरी करतो. म्हणून २७ भाग, प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा. प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८. प्रत्येक चरणाला एक अक्षर. रोहिणीला ओ, वा, वी, वू. अश्विनीला चू, चे, चो, ला. बारशाला गुरुजी अक्षर सांगतात ते यातूनच. आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ आहे आणि हस्ताच्या एका चरणाला ‘ण’. आता या अक्षरांवरून नाव काय ठेवणार? तिथे आपण गुपचूप दुसरं अक्षर घेतो आणि पेढे वाटतो. आपले लोक व्यवहारी आहेत, हे त्यातलं बरं.

या विषयात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा आहे, तोही सांगितला पाहिजे. लोकमान्य टिळक १८५६ साली आपल्या रत्नागिरीत जन्मले. १८९३ मध्ये त्यांनी ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो मृगशीर्ष नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरवण्याबद्दल. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ चा. कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवतात असा शतपथ ब्राह्मणात उल्लेख आहे, त्यावरून त्यांनी काळाचं गणित मांडलं. या दोघांनी नक्षत्रांकडे घड्याळ म्हणून पाहिलं. नक्षत्रांचं मूळ काम तेच होतं: यज्ञ कधी, पेरणी कधी.

मग स्वभाव कुठून आला? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त नक्षत्रांवरून स्वभाव सांगणारा अध्याय आहे. अश्विनीचा माणूस दागिन्यांची आवड असलेला, देखणा. कृत्तिकेचा तेजस्वी, पण भरपूर जेवणारा. पुनर्वसूचा थोडक्यात समाधान मानणारा. पुष्याचा शांत आणि विद्वान. आर्द्रेचा मात्र गर्विष्ठ आणि कृतघ्न! इथे आर्द्रेचे कोणी असतील तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये. एका श्लोकात सत्तावीसावा हिस्सा माणसं बसवायची म्हटल्यावर कोणाचा तरी सदरा घट्ट होणारच.

इथपर्यंत गंमत आहे. पण एक भाग गमतीचा नाही, आणि त्यासाठीच मी आज बोलायला उभा राहिलो. तो म्हणजे मूळ नक्षत्र.

आपल्याकडे समज असा: मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची मोठ्या दिराला, विशाखेची धाकट्या दिराला. काही जण ठराविक चरणच धरतात, पण पुष्कळ घरांत नाव ऐकलं की पत्रिका परत. सत्तावीसपैकी चार नक्षत्रं, म्हणजे शंभर मुलींमागे जवळजवळ पंधरा. आपल्या सोसायटीत लहानमोठ्या मिळून साठ मुली असतील, तर त्यांतल्या नऊ. आणि सासू-सासरे, दीर यांच्यावर मुलाचं नक्षत्र काय परिणाम करतं, हे कोणी विचारत नाही!

माझ्या माहितीतली एक मुलगी आहे. शिकलेली, नोकरी करणारी, घर सांभाळणारी. सहा ठिकाणी पत्रिका गेली, सहा वेळा परत आली. कारण कोणी तोंडावर सांगत नाही, ‘योग नाही’ एवढंच. सातव्या वेळी घरातल्याच कोणीतरी सुचवलं, जन्मवेळ थोडी मागे घेऊ या, चंद्र ज्येष्ठेत जाईल. तर दुसरा म्हणाला, ज्येष्ठा नको, तिथे मोठा दीर आहे! ती मुलगी आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. तिनं बाहेर येऊन एवढंच विचारलं, “माझी जन्मवेळ खोटी लिहिली तर मी कोण म्हणून त्या घरात जायचं?” पुढे तिचं लग्न पत्रिका न पाहता झालं. तिचे सासरे ऐंशीच्या घरात आहेत, रोज सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत फिरायला जातात. हे मी पुरावा म्हणून सांगत नाही, एका उदाहरणानं काही सिद्ध होत नाही. पण त्या आतल्या खोलीत जे घडलं ते विसरू नये म्हणून सांगतो.

आता जुन्या ग्रंथांत काय आहे ते पाहू. मूळ नक्षत्राचं भय जुनं आहे, हे मान्य केलं पाहिजे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात अशा नक्षत्रावर जन्मलेल्या बाळासाठी एक सूक्त आहे. पण त्यात बाळ मुलगा आहे, आणि काळजी आहे ती त्याच्या स्वतःच्या आईवडिलांची. सासरा त्यात कुठेच नाही. शिवाय ते सूक्त बाळाला टाकत नाही; त्याला सगळ्या संकटांतून पार नेऊन शंभर शरदांचं आयुष्य दे, असं मागतं. आणि वराहमिहिर? त्याच्या अध्यायात मूळ नक्षत्राचा माणूस स्वाभिमानी, धनवान, सुखी, कोणाला त्रास न देणारा आणि स्थिर बुद्धीचा आहे. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावानं आपण मुलगी नाकारतो, त्या शास्त्राचा थोर आचार्य तिच्या नक्षत्राचं कौतुक करतो. ग्रंथ मानायचा तर हेही मानायला हवं ना?

दुसरी गोष्ट आपल्या रत्नागिरीकरांना चटकन कळेल. आपल्याकडे काही घरांत ‘टिळक पंचांग’ पाळतात. अधिक महिन्याच्या काही वर्षांत त्यांचा गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतो, आणि आपण दोन्हीकडे मोदक खातो. हा फरक का? आकाशाचं वर्तुळ मोजायला सुरुवात कुठून करायची, यावर मतभेद आहेत. टिळक पंचांग रेवतीच्या ताऱ्यापासून मोजतं, बहुतेक इतर पंचांगं चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवतात. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. चार अंश चालायला चंद्राला सात तास लागतात. म्हणजे दर दहा जणांपैकी साधारण तिघांचं जन्मनक्षत्र पंचांग बदललं की बदलतं! एका पंचांगात ज्येष्ठा, दुसऱ्यात मूळ. मुलगी तीच, आकाश तेच, चंद्रही तिथेच. मग सासऱ्याला धोका नेमका कोणत्या पंचांगाप्रमाणे?

तिसरी गोष्ट प्रयोगाची. डॉ. जयंत नारळीकर यांनी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखा म्हटलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. योग्य उत्तरांची सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. २००९ साली हे ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. बुद्धीसारखी ठळक गोष्ट पत्रिकेतून ओळखता आली नाही, तर सून घरात कशी वागेल ते नुसत्या नक्षत्रावरून कसं ओळखणार?

मला कोणाची श्रद्धा दुखवायची नाही. बारशाला अक्षर घ्या, हौसेनं पत्रिका करा, मनाला समाधान वाटत असेल तर शांत करा. माझी विनंती तीनच गोष्टींची. एक, मुलांसमोर ‘हा राक्षसगणी’, ‘ही मुळावरची’ असं बोलू नका. पोरं ऐकतात आणि तसंच स्वतःला समजायला लागतात. दोन, स्थळ बघताना शिक्षण, स्वभाव, व्यसन, तब्येत, रक्ततपासणी हे आधी विचारा. तीन, आपल्या सोसायटीतल्या मुलीबद्दल कोणी चौकशीला आलं, तर तिला लहानपणापासून जिन्यात वरखाली करताना पाहिलेली माणसं आपणच आहोत. जे पाहिलं ते मोकळेपणानं सांगा. पंचवीस वर्षांच्या शेजाराइतकी स्वभावाची खात्रीची पत्रिका दुसरी नाही.

आणि एक निमंत्रण. मे महिन्यात रात्री अकरा-साडेअकराला गच्चीवर या. दक्षिणेच्या बाजूला वृश्चिक दिसतो. मध्ये तांबूस चमकते ती ज्येष्ठा, साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास दूर. तिच्याखाली वळलेली नांगी, तेच मूळ. आपल्या आकाशगंगेचं केंद्रही त्याच बाजूला आहे. नातींना घेऊन या, आणि त्यांतली एखादी मूळ नक्षत्रावरची असेल तर तिला ते पहिलं दाखवा. आपलं नक्षत्र इतकं सुंदर आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

एवढं बोलून थांबतो. संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा.