भ्रमणध्वनीच्या बॅटरीचे आरोग्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षण, विवाह आणि वसतिगृह हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय. यंदा चिटणीसांनी मला मोबाइलच्या बॅटरीवर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम नवल वाटले. परंतु विचारान्ती तिच्यातील औचित्य ध्यानी आले. आज आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी असून गावी एकटी आई अथवा एकटे वडील राहतात. रात्री-अपरात्री प्रकृती बिघडली तर उशाशी असलेला फोन हाच त्यांचा आधार. तो ऐन वेळी बंद पडला तर काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. दुसरी बाब द्रव्याची. फोन लवकर उतरू लागला की नवा घेण्याचा सल्ला मिळतो आणि मध्यम स्थितीतील कुटुंब हप्त्यांचे ऋण शिरावर घेते. वास्तविक पुष्कळ वेळा फोन धडधाकट असतो. वृद्ध झालेली असते ती केवळ त्याची बॅटरी, आणि ती नव्या फोनच्या मानाने अल्प खर्चात बदलता येते. सबब, खरेदीपूर्वी परीक्षा करावी, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

बॅटरीस 'विद्युत्‌घट' असा भारदस्त शब्द आहे. परंतु तो वापरल्यास भगिनीवर्गच नव्हे, दुकानदारही बुचकळ्यात पडेल. म्हणून रुळलेलाच शब्द वापरतो.

आपल्या फोनमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. जपानमधील सोनी कंपनीने १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली. तिच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. आम्हां निवृत्त मंडळींस हा आकडा मोठा धीर देणारा आहे!

या बॅटरीत लिथियमचे कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात व भरताना परत येतात. प्रत्येक फेरीत त्यांपैकी किंचित अंश आतच अडकून पडतो आणि साठवण्याची शक्ती कमी कमी होत जाते. शंभर टक्के शक्ती खर्च झाली म्हणजे एक आवर्तन धरतात. आज पन्नास आणि उद्या पन्नास टक्के वापरली तरी ते एकच आवर्तन. अॅपल कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी अनुकूल परिस्थितीत ५०० आवर्तनांनंतर मूळच्या ८० टक्के शक्ती राखते. आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. ८० च्या खाली उतरल्यावर बॅटरी बदलण्याचा विचार करावा, असा साधारण प्रघात आहे.

आता परीक्षा कशी करावी? आयफोनमध्ये 'सेटिंग्ज'मधील 'बॅटरी' या सदराखाली हा आकडा दिसतो. सॅमसंगच्या फोनांत 'सॅमसंग मेंबर्स' या अॅपमध्ये तपासणीची सोय असते. इतर फोनांत सर्वत्र सारखी व्यवस्था नाही; तेथे कागद-पेन्सिल घ्यावी. सकाळी पूर्ण भरलेला फोन चार्जरवरून काढावा आणि किती वाजता किती टक्के उरले, ते आठवडाभर टिपावे. 'बॅटरी' याच सदरात कोणते अॅप किती शक्ती खाते तेही दिसते. एखादेच अॅप खादाड निघाले तर बॅटरीस दोष देण्याचे कारण नाही. परंतु पंचवीस-तीस टक्के शिल्लक दिसत असता फोन एकाएकी मिटत असेल, तर तो बॅटरीच्या वार्धक्याचा पुष्कळसा खात्रीचा पुरावा समजावा. जुन्या बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढलेला असतो. एकदम जास्त शक्ती मागितली की तिचा दाब कोसळतो. असे फोन बंद पडू नयेत म्हणून अॅपलने जुन्या आयफोनांचा वेग कमी केला होता. २०१७ च्या डिसेंबरात ही गोष्ट उघड होऊन मोठा गहजब झाला आणि पुढील वर्षी कंपनीस सवलतीच्या दराने बॅटऱ्या बदलून द्याव्या लागल्या.

बॅटरीचा मुख्य शत्रू उष्णता. ३५ अंशांवरील तापमानात तिची कायमची हानी होऊ शकते, असे अॅपल सांगते. आणि आमच्या नागपूर-अकोला-जळगावकडे वैशाखात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो! तेव्हा उन्हात उभ्या मोटारीत, ओट्यावर शेगडीशेजारी, किंवा चार्जर लावून उशीखाली फोन ठेवणे सर्वथा वर्ज्य मानावे. पूर्ण रिता झाल्यावाचून भरू नये, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळची आहे. लिथियमला ती लागू नाही. उलट वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहणे तिला मानवते. अनेक नव्या फोनांत ऐंशीवर भरणे थांबविण्याची सोय आहे, ती तरुणांनी अवश्य वापरावी. मात्र एकट्या वृद्धांनी, तसेच जेथे विजेचा भरवसा नाही तेथील मंडळींनी, रात्री निजण्यापूर्वी फोन पुरता भरून घ्यावा. बॅटरी चार महिने आधी थकली तरी चालेल.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. फोनची पाठ फुगलेली दिसली, काच उचलली गेली, तर त्याच क्षणी वापर व भरणे बंद करावे. तो दाबू नये, टोचू नये, मुलांच्या हाती देऊ नये. आतील द्रव ज्वालाग्राही असतो. २०१६ साली सॅमसंगला 'गॅलक्सी नोट ७' हे फोन जगभरातून परत घ्यावे लागले, ते बॅटरीतील दोषामुळे पेट घेत म्हणूनच. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून ती कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातच द्यावी, आणि नवी बसवावयाची तीही शक्यतो तेथेच बसवावी.

भोजनोत्तर मी सभागृहातच आहे. ज्यांना आपल्या फोनमधील आकडा पाहावयाचा असेल त्यांनी, विशेषतः वृद्ध भगिनींनी, संकोच न करता फोन घेऊन यावे. चष्मा मात्र बरोबर आणावा. अक्षरे फार बारीक असतात.