जमिनीखालचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



पेट्रोलपंपावर डोळ्यांना दिसते ते यंत्र आणि नळी. खरा साठा पायांखाली पुरलेल्या टाकीत असतो. त्या टाकीचा एखादा सांधा सैल होऊन सेकंदाला एक थेंब झिरपू लागला, तर दिवसाला सुमारे ४ आणि वर्षाला सुमारे १,५०० लिटर पेट्रोल मातीत जाते. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपाच्या वहीत ही तूट बाष्पीभवनाच्या नावावर सहज खपून जाते. शेजारच्या विहिरीत मात्र ती खपत नाही. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य आहे असे धरू. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेने घातलेली मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधील बेंझीन सुमारे १७ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे ठरते.

जो खर्च उत्पादक स्वतःच्या हिशेबात न धरता समाजाच्या माथी मारतो, त्याला सामाजिक परिव्यय म्हणतात. के. विल्यम कॅप यांनी १९५० साली खाजगी उद्योगांच्या अशा परिव्ययावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु माथी मारलेला खर्च वसूल करावयाचा, तर तो आधी सिद्ध करावा लागतो. टाकीखालच्या मातीचा नमुना हा त्याचा पुरावा होय.

म्हणूनच हा नमुना कोण, कोठून आणि कसा घेतो, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. टाकीभोवतीची वाळू बाहेरून आणून भरलेली असते. तपासावी लागते ती तिच्याखालची मूळ माती. टाकीच्या दोन्ही टोकांखाली, नळांच्या सांध्यांखाली आणि वितरणयंत्राखाली गळतीचा संभव अधिक. बेंझीन हवेत चटकन उडून जाते. त्यामुळे माती तत्काळ हवाबंद करून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवावी लागते. उन्हात उघडी राहिलेली माती निर्दोष ठरू शकते. आवाराच्या दूरच्या कोपऱ्यातून घेतलेली मातीही तशीच निर्दोष ठरते. तात्पर्य, अहवालात एकही खोटा शब्द न लिहिता सत्य दडविता येते.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. मोटारयुगाच्या भरात तेथे पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या गंजू लागल्यावर १९८४ साली कायदा झाला आणि १९८८ साली नियम आले. गळतीचा संशय येताच २४ तासांत कळविणे आणि टाकी कायमची बंद करताना गळती संभवते तेथे तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. आजवर तेथे ५ लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. शोधण्याची सक्ती झाली, म्हणूनच त्या एवढ्या संख्येने सापडल्या. खर्चाचे काय झाले? १९८६ साली गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा कर बसवून निधी उभारण्यात आला. म्हणजे काही भार ग्राहकावरच आला. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला तर १९९६ साली पेट्रोलमधील एमटीबीई या द्रव्यामुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचा सुमारे निम्मा पाणीपुरवठा त्यामुळे हातचा गेला.

भारतात एस्सो, बर्मा शेल, कॅलटेक्स या कंपन्या १९७४ ते १९७६ या काळात सरकारच्या ताब्यात आल्या, आणि आज बहुतेक पंप सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांचे आहेत. परंतु मालकी बदलल्याने टाकीचे छिद्र बुजत नाही. सार्वजनिक उद्योगाने गळती लपविली, तर जनतेच्याच नावाने जनतेची विहीर नासते. समाजवाद्यांनी या प्रश्नी अधिक कठोर असावयास हवे, ते याच कारणाने.

कायद्याचा आधार नाही असे नव्हे. राजस्थानातील बिछरी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासविल्या, तेव्हा प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लागू केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नवे पंप शाळा, रुग्णालये व वस्तीपासून सामान्यतः ५० मीटर दूर ठेवण्याचे निर्देश दिले. मात्र भूजल फितीने मोजलेले अंतर पाळत नाही. २०२५ साली दूषित स्थळांसंबंधी केंद्राचे नियमही आले आहेत. नियम कागदावरून जमिनीत उतरावयाचे, तर गावातून मागणी उठली पाहिजे.

टाकी बदलताना किंवा पंप बंद होताना खड्डा थोडाच काळ उघडा असतो. तो बुजला, वर काँक्रीट पडले, की पुरावाही बुजला. त्या वेळी ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या प्रतिनिधींसमक्ष, स्वतंत्र प्रयोगशाळेकडून नमुने घेतले जावेत. खर्च कंपनीने द्यावा. अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. आणि तुटीची किंवा वासाची वर्दी प्रथम देणाऱ्या पंपावरील कामगाराची नोकरी सुरक्षित राहावी. विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येईपर्यंत थांबणे म्हणजे कंपनीच्या वहीतला खर्च गावाने निमूटपणे आपल्या खाती मांडून घेणे होय.