सरपणाची रात्र



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांचा मी विद्यार्थी. त्यांच्याविषयी बोलण्यास शब्द अपुरे आहेत, असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही. त्यांनी मला एकदा कोठे पाठविले आणि पुढे एकदा कोणता प्रश्न विचारला, एवढेच सांगणार आहे.

उज्जयिनीत मैत्रीविषयी बोलायचे, तर आरंभ सांदीपनींच्या आश्रमापासूनच करावयास हवा. भागवताच्या दशम स्कंधात द्वारकाधीशाला आपला दरिद्री सहाध्यायी भेटतो, तेव्हा तो सविस्तर आठवण काढतो ती पाठांतराची नव्हे, सरपणाची. गुरुपत्नीने दोघांना इंधन आणावयास धाडले. रानात अवकाळी वादळ आले, सूर्य मावळला, सर्वत्र पाणी झाले. खड्डा कोठे आणि उंचवटा कोठे, हे कळेना. दोघांनी एकमेकांचे हात धरून ती रात्र काढली. उजाडताच गुरू शोधत आले. आपल्याच जिल्ह्यातील महिदपूरजवळच्या नारायणा गावाशी लोकश्रद्धा हा प्रसंग जोडते. भागवतकाराने त्या मित्राचे नाव सांगितलेले नाही; सुदामा हे नाव परंपरेने दिले. मीही आज माझ्या मित्राचे नाव सांगणार नाही.

१९७० साली मी बी.ए.च्या वर्गात होतो. शाळा सुटून काही वर्षे झाली होती, पण सरांचा धाक सुटला नव्हता. उन्हाळ्याच्या सुटीत वाचनाचा बेत सांगावयास गेलो, तर ते म्हणाले, "पुस्तके पळून जात नाहीत. सोमनाथला जाऊन या."

बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाची स्थापना केली, हे आपण जाणता. चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावाजवळ सोमनाथ हा त्यांचा आणखी एक प्रकल्प. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी तेथील रान मोडून शेती उभी केली. तेथेच १९६७ पासून मे महिन्यात तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी भरू लागली. सकाळी श्रम, दुपारी चर्चा, रात्री गाणी, असा साधारण क्रम. चंद्रपूरचा मे महिना ज्याने सोसला आहे, त्याला उन्हाचे वर्णन सांगणे नलगे. आम्हांला निजावयास भाताचे तणस, उजेडाला कंदील आणि वाऱ्याला आकाश होते.

बांधाच्या कामावर माझी जोडी तेथल्याच एका रहिवाशाशी जमली. माझ्याहून तो दहाएक वर्षांनी वडील. रोग कधीच बरा झालेला, पण बोटे वाकलेली. बरा झालेला रुग्ण कोणाला संसर्ग देत नाही, हे मी वाचले होते. तरी त्याच्या हातून घमेले घेताना माझा हात कडेला सरकत असे. ते त्याने पाहिले, बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या तळहातांना फोड आले. कुदळ कशी धरावी, दांड्याला चिंधी कशी गुंडाळावी, हे त्याने शिकविले. सायंकाळी त्याने कंदिलापुढे स्वतःचे तळवे पसरले आणि म्हणाला, "भाऊ, जरा पाहून सांग." कुष्ठरोगात मज्जातंतू बाधित होतात, रोग गेला तरी हरपलेली संवेदना बहुधा परतत नाही. फोड दुखत नाही, म्हणून कळत नाही; कळत नाही, म्हणून चिघळतो. अशा माणसाला रोज हातपाय डोळ्यांनी तपासावे लागतात. मला दुखत होते म्हणून काम येत नव्हते. त्याला दुखत नव्हते म्हणून धोका होता. त्या संध्याकाळपासून त्याचे हात पाहणे हे माझे काम झाले. मैत्री जडली ती तेथे.

आता पुढचे सांगतो. १९८० च्या सिंहस्थात तो उज्जैनला आला. मी तोवर प्राध्यापक झालो होतो; घरी पाहुण्यांची वर्दळ होती. रामघाटावर त्याला भेटलो, धर्मशाळेपर्यंत पोचविले, आणि "घरी चला" एवढे दोन शब्द उच्चारले नाहीत. निघताना त्याने सोमनाथच्या तांदळाची पुरचुंडी माझ्या हाती दिली. आपण मराठी माणसे सुदाम्याचे पोहे म्हणतो. येथले हिंदी कथेकरी सुदाम्याचे तांदूळ म्हणतात. ते तांदूळ आमच्या घरी शिजले. कोणी दिले, हे मी घरात सांगितले नाही.

महिन्याभराने सरांना सांगितले. त्यांनी दोष दिला नाही. एवढेच विचारले, "त्या रात्री त्याचे हात कोणी पाहिले?"

पुढल्या मे महिन्यात मी सोमनाथला गेलो. क्षमेची वाक्ये जुळवून नेली होती. ती बोलण्याची वेळ आली नाही. दिवेलागणीला त्याने पूर्वीसारखेच तळवे कंदिलापुढे पसरले.

मित्रहो, गैरसोय मैत्री घडविते, असा सिद्धांत मी मांडीत नाही. गैरसोयीत माणसे भांडतातही. पण सुखसोयींमध्ये आपली गरज झाकता येते. रानात ती झाकता येत नाही. मला तुझी गरज आहे, हे दोघांनाही कळते, तेथे मैत्रीला जागा होते. परंतु तिची परीक्षा रानात नसते. ती घरी, दिव्यांच्या उजेडात, पाहुण्यांच्या देखत असते. द्वारकेचा राजा त्या परीक्षेत उतरला. मी उतरलो नव्हतो.

या शाळेने मुलांना सरपणाला धाडावे, अशी माझी विनंती आहे. मात्र उजाडताच त्यांना शोधत जाणारा गुरूही हवा. माझ्या बाबतीत उजाडायला दहा वर्षे लागली. पण सर आले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून थांबतो.